दाबोळीची धावपट्टी, बांबोळीचा आवाज : १८ डिसेंबर १९६१

१.
डिसेंबर उजाडला की एक संदेश हमखास फिरू लागतो. आगीच्या लोळांचे एक छायाचित्र आणि खाली ओळ : ‘पुण्याच्या बॉम्बर विमानांनी पोर्तुगीजांचे गोव्यातील मुख्यालय बेचिराख केले.’ मागच्या धाग्यानंतर अनेकांनी तो मला पाठवून विचारले, हे खरे का? उत्तर एका शब्दात देता येत नाही. विमाने पुण्याहून गेली, हे खरे. मुख्यालय बेचिराख झाले, हे खरे नाही. मात्र त्या दिवशी जे प्रत्यक्ष घडले, ते या अतिशयोक्तीहून कितीतरी अधिक विचार करण्याजोगे आहे. आजचा धागा त्यावर.

२.
प्रथम एक प्रश्न. मुख्यालय म्हणजे काय? आपल्या डोळ्यांसमोर इमारत येते : झेंडा, पहारा, नकाशांची खोली. पण युद्धशास्त्राच्या दृष्टीने मुख्यालय ही इमारत नव्हे, ती एक क्षमता आहे. वरून आदेश घेणे, खाली आदेश पोहोचविणे आणि गरज पडल्यास कुमक मागविणे, या तीन गोष्टी जिथून होतात ते मुख्यालय. इमारत शाबूत ठेवूनही ही क्षमता हिरावता येते. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाने नेमका हाच प्रयत्न केला. तो कितपत साधला, हे पुढे पाहू.

३.
मी नगरची, म्हणून आधी थोडे घरचे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. त्यानंतर साठ वर्षांनी, १५७०-७१ मध्ये, दख्खनच्या सुलतानांनी त्यांच्याविरुद्ध एकजूट केली. विजापूरच्या अली आदिलशहाने गोव्याला वेढा दिला आणि त्याच सुमारास नगरच्या मुर्तजा निजामशहाने चौल वेढले. दोन्ही वेढे फसले, आणि त्याचे एक मोठे कारण समुद्र. जमिनीवरून कोंडलेल्या पोर्तुगीजांना जलमार्गाने रसद आणि माणसे मिळत राहिली. पुढे १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी गोव्यावर स्वारी केली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. गोवा मात्र पोर्तुगीजांकडेच राहिला. बाहेरचे दार उघडे असेतो वेढा पुरा होत नाही, हा धडा लक्षात ठेवा. १९६१ मध्ये तोच पुन्हा भेटतो.

४.
१९४७ मध्ये इंग्रज गेले, पोर्तुगीज राहिले. लिस्बनमधील सालाझार राजवटीचे म्हणणे असे की गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच सागरापलीकडचा प्रांत आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून आत शिरले तेव्हा त्यांच्यावर गोळीबार झाला आणि वीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक त्याच दिवसाची आठवण आहे. भारताने आर्थिक नाकेबंदी केली. तिला उत्तर म्हणून पोर्तुगीजांनी दाबोळीच्या पठारावर विमानतळ उभारला आणि स्वतःची विमानसेवा सुरू केली. तिची विमाने कराचीला जात. जमिनीची वाट बंद झाली होती, म्हणून आकाशात दार उघडले गेले.

५.
त्याच वर्षी, नोव्हेंबर १९५५ मध्ये, आणखी एक गोष्ट सुरू झाली. आंबोलीच्या जंगलात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी एक गुप्त नभोवाणी केंद्र चालू केले. कोकणी आणि पोर्तुगीज या भाषांतून ते गोव्याशी बोलत. पुढे हे केंद्र कॅसलरॉकच्या बाजूला हलले, पण बंद पडले नाही. सहा वर्षे ही दोन माणसे रानात राहून रोज बोलत राहिली. म्हणजे गोव्याच्या आकाशात दोन आवाज होते. एक सत्तेचा, बांबोळीच्या बिनतारी केंद्रातून थेट लिस्बनशी जोडलेला. दुसरा सह्याद्रीच्या झाडीतला.

६.
नेहरू चौदा वर्षे थांबले. ज्या नगरच्या किल्ल्यात त्यांनी १९४२ ते १९४५ या काळात कारावास भोगला आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, त्याच्या तटाजवळून जाताना मला हे नेहमी आठवते. वाटाघाटींनी प्रश्न सुटेल असे ते सांगत राहिले. त्यांच्यावर टीका होत होती, विशेषतः महाराष्ट्रात. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी अंजदीव बेटावरून ‘साबरमती’ या प्रवासी जहाजावर गोळीबार झाला आणि थांबण्याची मुदत संपत आली. कारवाईचे नाव ठरले ‘ऑपरेशन विजय’. लष्करी सूत्रे पुण्याच्या दक्षिण कमांडकडे, लेफ्टनंट जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाती होती. प्रत्यक्ष चढाई मेजर जनरल के. पी. कँडेथ यांची १७ वी डिव्हिजन आणि ब्रिगेडियर सगत सिंग यांची ५० वी पॅरा ब्रिगेड करणार होती. हवाई कारवाईची जबाबदारी एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्यावर होती.

७.
पलीकडच्या बाजूला गव्हर्नर जनरल मान्युएल अंतोनियो व्हासालो ई सिल्वा होते. त्यांच्याकडे चार हजारांच्या आसपास सैनिक, जुनी शस्त्रे आणि ‘आफोन्सो द आल्बुकर्क’ ही एक मोठी युद्धनौका होती. लढाऊ विमान एकही नव्हते. समोर तीस हजारांहून अधिक भारतीय सैन्य होते. १४ डिसेंबरला सालाझारचा संदेश आला. त्याचा आशय असा की शरणागती नाही, तह नाही. सैनिक एकतर विजयी होतील वा मरतील. किमान आठ दिवस तग धरावा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांत दबाव आणता येईल, अशी लिस्बनची अपेक्षा होती. सालाझारला गोवा जिंकून हवा नव्हता, त्याला वेळ हवा होता. त्या वेळेची किंमत गोव्यातल्या माणसांनी, पोर्तुगीज शिपायांनी आणि गोवेकरांनी, मोजायची होती.

८.
हे ध्यानात घेतले की पिंटो यांना मिळालेल्या आदेशांचा अर्थ उलगडतो. दाबोळीची धावपट्टी निकामी करायची, पण विमानतळाची इमारत आणि इतर सोयींना धक्का लावायचा नाही. बांबोळीचे बिनतारी केंद्र उद्ध्वस्त करायचे. पुढे सरकणाऱ्या पायदळाला हवे तेव्हा साहाय्य द्यायचे. पणजीतील आदिलशहाचा राजवाडा, जिथे पोर्तुगीज सचिवालय होते, तो लक्ष्यांत नव्हता. थोडक्यात, दार बंद करा, आवाज बंद करा, घर पाडू नका. दार मोकळे राहिल्याने १५७१ चा वेढा फसला होता. या वेळी समुद्रावर नौदल होते आणि आकाशावर हवाई दल.

९.
१८ डिसेंबरची सकाळ. पुण्याच्या लोहगाव तळावरून विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरा विमाने उडाली. कॅनबेरा हे इंग्रजी बनावटीचे, दोन जेट इंजिनांचे बॉम्बर. भारतीय हवाई दलात ते १९५७ पासून येऊ लागले होते. पुणे ते दाबोळी हे हवाई अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर, म्हणजे या विमानासाठी जेमतेम अर्ध्या तासाचे. काही मिनिटांत धावपट्टीवर ६३,००० पौंड, म्हणजे साडेअठ्ठावीस हजार किलोंच्या आसपास बॉम्ब पडले. विमानांना अडवायला कोणी नव्हते. नंतर विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली आठ कॅनबेरांची दुसरी फळी आली आणि त्याच पट्ट्यावर पुन्हा मारा झाला. इमारत आदेशाप्रमाणे वाचली. बाजूला उभी असलेली दोन प्रवासी विमानेही वैमानिकांनी सोडून दिली.

१०.
बांबोळीकडे सहा हंटर विमाने गेली. ती बेळगावजवळच्या सांबऱ्याहून आली होती, म्हणजे हवाई मार्गाने नव्वद-एक किलोमीटरवरून. त्यांनी अग्निबाण आणि तोफा यांचा मारा करून बिनतारी केंद्र निकामी केले. इथे बॉम्बर का वापरले नाहीत, असे कोणी विचारील. लक्ष्य लहान होते. भारतीय हवाई दलाकडे त्या काळी मार्गदर्शित बॉम्ब नव्हते. उंचावरून टाकलेला बॉम्ब कुठे पडेल हे वारा, वेग आणि नेम यांवर अवलंबून असे. लांबलचक धावपट्टीसाठी ते चालते, एका केंद्रासाठी खाली उतरून नेम धरावा लागतो. लक्ष्याप्रमाणे शस्त्र निवडणे, हाही संयमाचाच एक प्रकार आहे.

११.
बांबोळी गप्प झाल्यावर लिस्बनशी बोलण्याचे काम मुरगाव बंदराबाहेर नांगरलेल्या ‘आफोन्सो द आल्बुकर्क’वर आले. जहाजाचे बिनतारी यंत्र हाच आता गव्हर्नर जनरलचा आवाज. दुपारी बाराच्या सुमारास ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या भारतीय फ्रिगेट्स पुढे सरसावल्या आणि लढाई जुंपली. जुनी नौका आपल्या परीने झुंजली, तिचा कप्तान जखमी झाला. अखेर खलाशांनी तिला किनाऱ्यावर चढविले. योगायोग असा की तो किनारा बांबोळीचाच. सकाळी जिथे एक आवाज बंद झाला, दुपारी तिथेच दुसरा येऊन थांबला.

१२.
त्याच १८ तारखेला न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषद बसली. युद्धबंदी करा आणि भारताने सैन्य मागे घ्यावे, अशा आशयाच्या ठरावाला सात मते मिळाली, चार विरोधात गेली. सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला आणि ठराव पडला. सालाझारला ज्या दारावर भरवसा होता तेही असे बंद झाले. १९ डिसेंबरच्या सकाळी भारतीय सैनिक मांडवी ओलांडून पणजीत उतरले.

१३.
आता तो भाग, जो फिरत्या संदेशांत कधीच नसतो. दाबोळीचे दार पूर्ण बंद झालेच नव्हते. धावपट्टीवर खड्डे पडले होते, पण डांबर आणि माती यांत पडलेला खड्डा बुजविता येतो. दुसऱ्या महायुद्धात हे जगभर पुन्हा पुन्हा दिसले होते. अंधार पडल्यावर पोर्तुगीजांनी घाईघाईने एवढीच डागडुजी केली की एक तोकडा पट्टा मोकळा व्हावा. त्यावरून ती दोन सोडून दिलेली विमाने, एक कॉन्स्टेलेशन आणि एक डग्लस, दिवे न लावता उडाली आणि कराचीला पोहोचली. साडेअठ्ठावीस हजार किलोंचे बॉम्ब, त्यावर दुसरी फळी, आणि तरीही दोन अवजड विमाने निसटली.

१४.
हे अपयश मानायचे का? माझ्या मते ते तसे नव्हे, पण लपविण्याचेही कारण नाही. कुमक आणणारे विमान उतरू नये हा हेतू होता, आणि कुमक आली नाही. पण हवाई हल्ल्याने सारे संपले, ही कल्पना टिकत नाही. वैमानिकांनी प्रवासी विमाने मुद्दाम सोडली होती. ती निसटली हे त्या संयमाचे मोल होते. मोल दिले गेले म्हणून संयम चुकीचा ठरत नाही.

१५.
शेवटचा निर्णय पोर्तुगीज बाजूला झाला. व्हासालो ई सिल्वा यांना अखेरपर्यंत लढण्याचा आदेश होता. पूल उडविण्याची योजना काही अंशी अमलातही आली. पण शहरे आणि जुन्या वास्तू नष्ट करणे, आणि निकाल ठरलेला असताना माणसे मारू देणे, त्यांनी नाकारले. १९ डिसेंबरला रात्री साडेआठ वाजता वास्को येथे त्यांनी शरणागतीवर सही केली. ४५१ वर्षांचा शेवट सुमारे दीड दिवसांत झाला. भारताचे २२ जण धारातीर्थी पडले, पोर्तुगालचे सुमारे ३०. आदेश पाळला गेला असता तर हे आकडे कुठे गेले असते याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

१६.
आणि मग विमानातून तिसरा आवाज आला. शरणागतीनंतर वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो एका विमानात बसले. विमानाला ध्वनिक्षेपक बसविला होता. पणजीवर घिरट्या घालत त्यांनी खाली पत्रके टाकली आणि गोवा मुक्त झाल्याचे लोकांना सांगितले. सहा वर्षे ज्यांचा आवाज लपून ऐकावा लागे, तो आता डोक्यावरून उघड येत होता. १८ तारखेला ज्या आकाशातून बॉम्ब पडले, त्याच आकाशातून ही बातमी. पुढे या दोघांनी विवाह केला. लिबिया लोबो सरदेसाई यांना वयाच्या शंभरीत, २०२५ मध्ये, पद्मश्री जाहीर झाली.

१७.
थोडे जगाकडे पाहू, म्हणजे तुलनेला आधार मिळेल. २१ मार्च १९४५ रोजी ब्रिटिश मॉस्किटो विमानांनी कोपनहेगनमधील ‘शेलहुस’ या इमारतीवर हल्ला केला. ते गेस्टापोचे मुख्यालय होते. हल्ला लक्ष्यावर लागला, काही कैदी निसटले, गेस्टापोची कागदपत्रे जळाली. पण एक विमान खांबाला धडकून एका शाळेजवळ कोसळले. मागून येणाऱ्यांनी त्या धुरालाच लक्ष्य समजून बॉम्ब टाकले. शाळेतील ८६ मुले मरण पावली. त्या जागी आज स्मारक आहे आणि डेन्मार्क त्या दिवसाची आठवण विजय आणि शोक या दोन्ही रूपांत ठेवतो. दुसरे उदाहरण आपले : १४ डिसेंबर १९७१ रोजी भारतीय मिग-२१ विमानांनी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर अग्निबाण सोडले आणि गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. ती वास्तू आज बांगलादेशच्या राष्ट्रपतींचे निवासस्थान, ‘बंगभवन’ आहे.

१८.
या दोन्ही ठिकाणी मुख्यालयाच्या इमारतीवरच घाव घातला गेला. गोव्यात तो घातला नाही. म्हणूनच कदाचित त्याची दृश्य खूण उरली नाही आणि तिची उणीव भरून काढायला आगीची छायाचित्रे शोधली जातात. जे पाडले त्याचे स्मारक सहज होते. जे पाडायचे टाळले त्याचे स्मारक कसे करणार?

१९.
तरीही खुणा आहेत, पाहणारा हवा. दाबोळी १९६२ मध्ये नौदलाकडे गेले; १९६४ पासून तिथे ‘आयएनएस हंस’ हा तळ आहे. त्याच आवारातून लाखो पर्यटक गोव्यात उतरले आहेत. पायाखालच्या पट्टीवर कधी बॉम्ब पडले होते, हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नसते. जवळच बोगमाळो येथे नौदलाचे विमान संग्रहालय आहे. तिथे एक सुपर कॉन्स्टेलेशन उभे आहे. ‘हेच ते पळालेले विमान’ असे सांगणारे भेटतात. ते तसे नाही. ते एअर इंडियाचे विमान हवाई दलात आणि तिथून नौदलात आलेले आहे. ‘आफोन्सो द आल्बुकर्क’ मुंबईला ओढून नेली गेली आणि भंगारात निघाली.

२०.
माणसांच्या वाटा पाहा. एर्लिक पिंटो यांचा मृत्यू २२ नोव्हेंबर १९६३ रोजी पूंछजवळच्या हेलिकॉप्टर अपघातात झाला; त्याच अपघातात लष्कराचे इतर वरिष्ठ अधिकारीही गेले. कॅनबेरा विमाने २००७ मध्ये निवृत्त झाली. व्हासालो ई सिल्वा मायदेशी परतले तेव्हा त्यांचे स्वागत झाले नाही. १९६३ मध्ये त्यांना सैन्यातून बडतर्फ करण्यात आले. १९७४ च्या क्रांतीने सालाझारी राजवट उलथली, तेव्हा त्यांचा हुद्दा परत मिळाला, आणि त्याच वर्षअखेरीस पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. पुढे ते पाहुणे म्हणून गोव्यात आले आणि गोवेकरांनी त्यांचे आपुलकीने स्वागत केले. हरलेल्या सेनापतीचे असे स्वागत इतिहासात क्वचित होते. ते त्यांच्या पराभवाचे नव्हते, त्यांनी न दिलेल्या एका आदेशाचे होते.

२१.
म्हणून तो संदेश पुन्हा आला तर काय करावे? पाठविणाऱ्याची टर उडवू नका. त्यामागे अभिमान असतो आणि अभिमानात गैर काही नाही. फक्त सांगा : मुख्यालय बेचिराख झाले नाही, कारण ते करायचे नव्हते. धावपट्टी फुटली, पण पुरती नाही. आवाज बंद झाला, पण लढाई संपविली ती जमिनीवरच्या सैनिकांनी आणि एका माणसाच्या नकाराने. पराक्रमाला अतिशयोक्तीची गरज पडू लागली की समजावे, आपण त्याचा अभ्यास सोडला आहे.

२२.
नगरला रणगाड्यांचे संग्रहालय आहे. लहानपणी वडिलांनी तिथे नेले की मी रणगाड्यांवर हात फिरवीत असे. शेजारची पाटी मात्र वाचत नसे. आता आधी पाटी वाचते. १९६१ च्या सैनिकांपैकी, लोहगावच्या कर्मचाऱ्यांपैकी, सीमेवरच्या गावांतल्या लोकांपैकी जे आज हयात आहेत, ते आता वयोवृद्ध आहेत. तुमच्या घरात, शेजारी, गावात असे कोणी असेल तर या आठवड्यात त्यांच्यापाशी बसा. त्या सकाळी त्यांनी काय पाहिले, काय ऐकले, कशाची भीती वाटली, ते विचारा. त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून, लिहून ठेवा. बॉम्ब किती पडले हे सरकारी कागदांत सापडते. विमाने डोक्यावरून गेली तेव्हा घरात काय शांतता पसरली, ते फक्त त्यांनाच ठाऊक आहे.

धागा समाप्त. चूक आढळल्यास पुराव्यासह दाखवावी, दुरुस्ती आनंदाने करीन.